दुसरा आणि चौथा शनिवार

बँकेत नोकरी करणाऱ्यांच्या कॅलेंडरात महिन्यातले दोन शनिवार लाल असतात. सप्टेंबर २०१५ पासून देशभरातल्या बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद राहू लागल्या. मी ठाण्यात एका बँकेत आहे. २०१७ च्या पावसाळ्यापासून आमच्या घरी या दोन शनिवारी संध्याकाळी पाच वाजता जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड काढलं जातं, कागद उडू नयेत म्हणून पंखा एकवर येतो आणि बेल वाजायला लागते.

आम्ही सहा जण. मी आणि माझा नवरा. शाळेपासूनची माझी मैत्रीण, ती लहान मुलांची डॉक्टर. नवऱ्याचा कॉलेजातला मित्र, तो डोंबिवलीहून लोकलने येतो. आमच्या शाखेतली एक मुलगी, तिशीही न गाठलेली. आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळी सोसायटी ‘सर’ म्हणते. पाच ते नऊ आम्ही खेळतो. कधी पटावरचा एखादा खेळ काढतो, पण बहुतेक शनिवारी एकच लांबलचक गोष्ट पुढे नेतो. ती आम्ही सहा जण मिळून सांगतो, आणि ती अजून संपलेली नाही.

हे ऐकल्यावर लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘या वयात खेळ?’ दुसरा, ‘तुम्हाला एवढा वेळ मिळतो तरी कसा?’ पहिल्याकडे नंतर येते. दुसऱ्याचं उत्तर मी काउंटरवर बसून शिकले आहे. उरलेल्या पैशातून बचत करू म्हणणाऱ्याची बचत होत नाही, कारण पैसे उरतच नाहीत. रिकरिंगचा हप्ता पगार झाल्याझाल्या कापला जातो, म्हणून ते खातं वाढतं. मित्रांच्या बाबतीत मात्र आपण सगळे उरलेल्या वेळावर विसंबून राहतो. ‘एकदा भेटायलाच हवं,’ हे वाक्य माझ्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून वीसदा तरी येतं. त्याखाली अंगठे उमटतात, हृदयं उमटतात, आणि पुढच्या गटारीला ते पुन्हा येतं. कुणाच्या मनात खोट नसते. नुसता वार ठरलेला नसतो.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ च्या सुमारास एक साधा प्रश्न अभ्यासला होता: ओळखीच्या माणसाचा मित्र व्हायला किती तास लागतात? त्यांचा हिशेब असा की जुजबी मैत्री जमायला साधारण ५० तास, मित्र म्हणवण्याइतकी जवळीक व्हायला ९० च्या आसपास, आणि घट्ट मैत्रीला २०० च्या वर. शाळा-कॉलेजात आपण हे तास नकळत भरतो. बाक एकच, बस एकच, मधली सुट्टी एकच. नोकरी, संसार सुरू झाला की हे तास कुणी आयते देत नाही. आमचे चार तासांचे डाव वर्षात वीस झाले (दिवाळी, परीक्षा, लग्नसराई वजा जाता तेवढेच होतात) तर ८० तास. म्हणजे घट्ट मैत्रीच्या त्या आकड्याला पोचायला अडीच वर्षं. आमच्या शाखेतली मुलगी पहिल्या दिवशी मला ‘मॅडम’ म्हणत आली होती. ती ‘ताई’वर कधी आली ते आठवत नाही, पण अडीच वर्षांचा हिशेब मला पटतो.

यावर कुणी म्हणेल, मग नुसतं भेटा की. गप्पा मारा. त्यासाठी फासे आणि सोंगट्या कशाला? आपल्याकडे कट्ट्याची परंपरा आहे, गप्पांच्या बळावर आयुष्यभर टिकलेल्या दोस्त्या आहेत. मलाही गप्पा प्रिय आहेत. पण चाळिशी ओलांडल्यावरच्या गप्पा मी नीट ऐकल्या आहेत. मुलांचं शिक्षण, आईवडिलांची दुखणी, फ्लॅटचे भाव आणि राजकारण, एवढ्या चार खांबांवर तो मांडव उभा असतो. पहिल्या तीन विषयांत तुलना शिरते, कुणाचा मुलगा कुठे लागला आणि कुणी कुठे घर घेतलं. चौथ्यात भांडण शिरतं. गेल्या दहा वर्षांत राजकारणावरून बोलणं बंद झालेली भावंडं आणि मित्र प्रत्येक कुटुंबात निघतील. समोरासमोर बसून एकमेकांकडेच पाहत राहायचं असेल तर माणसाला काही तरी दाखवावं लागतं, आणि दाखवता दाखवता थकायला होतं. मधे पट मांडला की सहा जणांची नजर एकाच जागी लागते. मग शेजारच्याबद्दल कळतं ते तो जे सांगतो त्यावरून नाही, तो जे खेळतो त्यावरून. नवऱ्याचा तो मित्र बोलताना फटकळ आहे. पण कटान नावाच्या पटावरच्या खेळात मागे पडलेल्या भिडूला तो एका विटेच्या बदल्यात कधीही दोन पत्ते मागत नाही, हे मी इतकी वर्षं पाहते आहे. त्याच्या फटकळपणाचा मला आता राग येत नाही.

खेळ कोणता, हा प्रश्न इथे महत्त्वाचा होतो. लहानपणी आमच्याकडे मे महिन्यात ‘व्यापार’ निघायचा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता अशी शहरं विकत घ्यायची, घरं बांधायची, भाडं वसूल करायचं. तो ज्या मोनोपॉलीवरून आला तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी पिळते हे लोकांना खेळता खेळता कळावं, म्हणून तिने तो रचला आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणली तेव्हा तो इशारा गळून गेला, उरला फक्त शेवटचा भिडू कंगाल होईपर्यंतचा पाठलाग. माझा धाकटा भाऊ नेहमी आधी बाद व्हायचा. मग तो तासभर खिडकीत बसून राहायचा आणि आम्ही आत नोटा मोजत असायचो. खेळाच्या नियमानेच घरातला एक मुलगा खोलीबाहेर घालवला होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. खिलाडूवृत्ती दाखव, असं मात्र त्याला सगळ्यांनी सांगितलं.

जर्मनीत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत पटावरचे खेळ कुटुंबाने एकत्र बसण्याचा मार्ग म्हणून वाढले. तिथे १९७९ पासून दरवर्षी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, असा पुरस्कार दिला जातो. १९९५ मध्ये तो कटानला मिळाला. कटान रचणारे क्लाउस टॉयबर हे दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ होते. कामाच्या ताणातून सुटका म्हणून ते घरी खेळ रचत आणि बायकामुलांना बसवून खेळून पाहत. २०२३ मध्ये ते गेले. त्यांनी काय केलं ते थोडं तपशिलात सांगते, कारण माझा मुद्दा त्या तपशिलातच आहे. १९ षट्कोनी तुकड्यांचं एक बेट. कुठे जंगल, कुठे गव्हाचं शेत, कुठे मेंढ्यांचं कुरण. त्यांवर आकडे. दोन फासे पडले की ज्या आकड्याला लागून तुमची वस्ती असेल त्याचा माल तुम्हाला मिळतो, मग फासे कुणीही टाकलेले असोत. त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही तुम्ही कान टवकारून बसता. लागणारी प्रत्येक वस्तू तुमच्याकडे कधीच नसते, म्हणून मागावं लागतं, ‘एक मेंढी देते, वीट दे.’ आणि १० गुण कुणाचे तरी होईपर्यंत कुणीही बाद होत नाही. नियम बदलले आणि खिडकीत बसणारा मुलगा टेबलाशी आला. माणसं एकमेकांशी कशी वागतील यात मोठा वाटा त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांना बसवलेल्या चौकटीचा असतो, हे मी समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचलं असतं तर मान डोलावून विसरले असते.

आता पहिला प्रश्न. या वयात खेळ, आणि तोही सोंग घेऊन?

कारण आमची ती लांबलचक गोष्ट म्हणजे सोंग घेण्याचाच खेळ आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यातला आद्य खेळ, १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा या छोट्या गावातून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही टेबलावर छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्यांपैकी होते. अख्ख्या पलटणीऐवजी एका भिडूने एकच माणूस खेळला तर काय होईल, हा त्यांचा शोध. पहिली आवृत्ती तीन पुस्तिकांची, १,००० प्रतींची होती. खेळात पट असलाच पाहिजे असं नाही. एक जण परिस्थिती सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे यश-अपयश अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कुणी जिंकत नाही. पुढच्या वेळी पुन्हा जमायचं, गोष्ट तिथूनच पुढे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत याच खेळावर केवढं काहूर उठलं होतं, मुलं सैतानाच्या नादी लागतात म्हणून. त्या आरोपांत तथ्य निघालं नाही. आपल्याकडेही कादंबऱ्या वाचून बायका बिघडतील अशी भीती एके काळी शहाण्यासुरत्यांना वाटायचीच.

मराठी माणसाला हा प्रकार परका वाटण्याचं कारण नाही. आपण सगळे भातुकली खेळलो आहोत. भातुकलीत जिंकणं-हरणं नसतं, आणि ‘तू आई, मी पाहुणी’ एवढ्या वाक्यावर दुपार निघते. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मोठी माणसं मुखवटे चढवून देवादानवांची सोंगं नाचवतात आणि सारा गाव ती पाहायला जागा राहतो. सोंग या शब्दाला आपल्या बोलण्यात ढोंगाचा वास लागला आहे, तो पुसायला हवा. ढोंग समोरच्याला फसवण्यासाठी असतं. सोंग सगळ्यांच्या संमतीने असतं, आणि त्यातून माणूस स्वतःबद्दल जे बोलू शकत नाही ते बोलतो.

याचा अनुभव आम्हाला भाषा बदलल्यावर आला. खेळ आमच्या शाखेतल्या मुलीने आणला, तो ती पुण्याच्या होस्टेलवर शिकली होती. सुरुवातीचं वर्षभर आम्ही पुस्तकातलं जग इंग्रजीत खेळलो. सगळे जण परदेशी सिनेमातल्यासारखे बोलत होतो. सरांना तर तोंडच उघडता येईना. मग एका शनिवारी तिने सगळं बाजूला ठेवलं आणि मराठीत सुरू केलं: सातवाहनांचा काळ, कल्याणच्या बंदरात उतरलेला माल, तो बैलांच्या पाठीवर घालून घाट चढून जुन्नरला न्यायचाय. त्या दिवसापासून आम्ही तिला ‘सूत्रधार’ म्हणतो.

घाट अर्थात नाणेघाट. ठाणेकरांना तो घरचाच. मुरबाडकडून चढून वर गेलं की लेणं लागतं. त्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, यज्ञांची आणि दानांची जंत्री, गायी किती आणि कार्षापण किती ते आकड्यांत. वर दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा व्हायची असं सांगतात. मी तो रांजण शाळेच्या सहलीत पाहिला होता आणि त्यात डोकावून परत आले होते. त्या रांजणाशी जकातीच्या कारकुनाने आमचा तांडा अडवला, तेव्हा मात्र मी खरी तिथे उभी होते. डॉक्टर मैत्रीण मिठाच्या व्यापाऱ्याची विधवा झाली होती, बैल तिचे. सर झाले होते बैल हाकणारा म्हातारा. तांड्यातलं एक पोर तापाने फणफणलेलं, वर पोचायची घाई, आणि जकातीला नाणी कमी.

‘कोण बोलणार?’ सूत्रधाराने विचारलं. कुणी बोलेना. मग सर बोलले. हात जोडून, बसल्या जागी थोडे वाकून, आणि आजवर आम्ही त्यांच्या तोंडून न ऐकलेल्या बोलीत. सरांचं गाव जुन्नर तालुक्यातलं, हे आम्हाला माहीत होतं. चाळीस वर्षं शाळेत प्रमाण मराठी शिकवलेला हा माणूस ‘आवं, पोरगं निपचित पडलंय वो’ म्हणाला आणि टेबलावर कुणी हललं नाही. सूत्रधार म्हणाली, पंधरा किंवा वर पडलं तर कारकून ऐकेल. वीस बाजूंच्या फाशावर पंधरापासून वीसपर्यंत सहा आकडे, म्हणजे शंभरात तीस. सरांनी फासा टाकला. चार पडला.

कारकुनाने ऐकलं नाही. मैत्रिणीने दोन बैल गहाण ठेवले आणि आम्ही चढलो. त्या रात्री जाताना जिन्यात सर म्हणाले, ‘आमची आई अशी बोलायची. मला वाटलं होतं विसरलो.’

मी हा प्रसंग सांगते तो गोष्ट म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. एकत्र बसून कितीही चहा प्यायलो असतो तरी सर आईबद्दल बोलले नसते. विचारलं असतं तर ‘होती साधी बाई’ म्हणून विषय संपवला असता. पात्राच्या आडोशाला उभं राहिल्यावर ते आलं. आणि फाशाने नकार दिला म्हणून ते आमच्या सगळ्यांच्या मनात राहिलं. सिनेमात असता तर कारकुनाला पाझर फुटला असता.

फाशाबद्दल मात्र आपल्या मनात जुनी अढी आहे, आणि ती अकारण नाही. द्यूताची गोष्ट ऐकत वाढलेल्या समाजाला फासा म्हटला की सभेतला तो दिवस आठवतो. माझ्या आजीने घरात पत्त्यांचा कॅट ठेवू दिला नाही, कारण तिच्या माहेरची जमीन पत्त्यांत गेली होती. त्या अढीचा मान ठेवूनच मी म्हणते की दोष फाशाचा नव्हता. डच इतिहासकार योहान हॉइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ लिहिलं. खेळ हा जागेच्या आणि काळाच्या ठरलेल्या हद्दीत चालतो, हा त्यातला गाभ्याचा विचार. मुलांना तो न वाचता ठाऊक असतो. लपाछपीत ‘टाइमप्लीज’ म्हटलं की राज्य असलेला भिडूही हात खाली घेतो. हस्तिनापुरात कुणाला टाइमप्लीज म्हणता आलं नाही. पणाला लावलं ते सगळं हद्दीबाहेरचं होतं, राज्य, भाऊ, बायको. खेळ संपल्यावरही हरलेला हरलेलाच राहिला. जिथे डाव मोडल्यावर सगळे सारख्याच मोकळ्या हाताने उठतात, तिथेच मी त्याला खेळ म्हणेन. आमच्या टेबलावर पैसा कधी लागला नाही आणि लागणार नाही. हा आमचा एकमेव कडक नियम आहे.

या हद्दीवरच्या विश्वासाची परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. टाळेबंदी लागली तेव्हा सरांच्या पत्नीला जाऊन सहा महिने झाले होते, मुलगा परदेशी. खालच्या मजल्यावर ते एकटे. आम्ही व्हिडिओवर खेळायचं ठरवलं. नवऱ्याने त्यांच्या दाराशी पिशवी ठेवली, त्यात दोन फासे आणि पात्राचा कागद. प्रत्येकाने आपापल्या घरी फासा टाकायचा आणि आकडा सांगायचा. कॅमेऱ्यात चेहरा दिसत होता, फासा दिसत नव्हता. काय पडलं ते तपासायला कुणीच नव्हतं. एका शनिवारी तांडा दरीच्या कडेने जात होता, आणि सरांना फक्त पाचच्या वर हवं होतं. त्यांनी खाली पाहिलं, चष्मा नीट केला आणि म्हणाले, ‘एक.’ एक म्हणजे त्या खेळातली सगळ्यात मोठी फजिती. त्यांचा लाडका बैल दरीत गेला. कुणाचंही नुकसान न करता ते ‘सात’ म्हणू शकले असते. व्हिडिओवर खेळलो त्या दीड वर्षात बँकेत कागदांवर, सह्यांवर, ओटीपींवर माझा दिवस जायचा. सगळी यंत्रणा समोरचा खोटं बोलेल हे गृहीत धरून उभारलेली. महिन्यातले आठ तास मी अशा जागी होते जिथे माणसाचा शब्द पुरत होता. त्याची किंमत मला कुठल्याही भाषणाने कळली नसती. (पॅन्डेमिक हा आमचा आवडता खेळ, सगळे भिडू मिळून साथीशी लढतात असा. त्याचा डबा मात्र दोन वर्षं कपाटात राहिला. डॉक्टर मैत्रीण म्हणाली, तो एवढा नको, आणि कुणी कारण विचारलं नाही.)

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. ‘वेळ मिळतो कसा’ हा प्रश्न माझ्या नवऱ्याला कुणी विचारत नाही. मला विचारतात, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळेच्या पाहणीत आढळलं की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि असं काम करणारा पुरुष ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. पुरुषाचा रिकामा वेळ पारावर, पानाच्या टपरीवर, जिमखान्यात उघडपणे बसलेला असतो. बाईच्या रिकाम्या वेळाला कारण द्यावं लागतं. आपल्या परंपरेने तिला खेळ दिले, फार सुंदर दिले. मंगळागौरीची फुगडी, झिम्मा, पिंगा हे मी रात्रभर खेळले आहे आणि त्या दमछाकेतल्या आनंदाला तोड नाही. पण ते व्रताच्या पदराखाली मिळाले, तेही नवी नवरी म्हणून पाच वर्षं. भिशीत बायका भेटतात, पण तिथे बचतीचं निमित्त लागतं. हळदीकुंकवाला वाण लागतं. ‘मला चार तास माझ्या मैत्रिणीबरोबर फासे टाकायचे आहेत’ असं सरळ म्हणणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे जागा नाही.

आमच्याकडेही ती आपोआप झाली नाही. पहिले सहा महिने दर तासाला मी उठत होते, चहा, मग पोहे, मग कपबशा. माझी पाळी आली की सगळे थांबायचे, आणि मी ओट्यापाशी. एकदा ऐन मोक्याला मी आत होते तेव्हा कुणी तरी माझा फासा टाकला. चांगला मोठा आकडा पडला होता. मी बाहेर येऊन रागावले ते सगळ्यांना कळायला वेळ लागला. ‘अगं, फायदाच झाला तुझा,’ नवरा म्हणाला. फायदा नको होता, माझी पाळी हवी होती. पुढच्या शनिवारपासून नियम झाला: चहाचा थर्मास पाचच्या आधी भरून टेबलावर, खाणं ज्याची पाळी तो बाहेरून घेऊन येणार, भांडी पुरुष घासणार. हे वाचून हसू नका. घरातल्या कामाची वाटणी आमच्यात कित्येक वर्षं भांडून झाली नव्हती, ती खेळ खोळंबतो म्हणून एका संध्याकाळी झाली.

राहिला पैशाचा आक्षेप. बाहेरून आलेले हे खेळ महाग आहेत, हजारांत जातात, आणि सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही. खरं आहे. पण आमची गोष्ट चालते ती एक रेघी वही, पेन्सिली आणि फासे यांवर. जुन्या पत्त्यांच्या कॅटावर मेंढीकोट, लॅडीस, झब्बू कितीही वर्षं खेळता येतं, चार माणसं ठरल्या वेळी बसली तर. बसत नाहीत ही अडचण आहे. आणि ज्यांना खेळ येत नाही त्यांचं काय, याचं उत्तर आपल्या गल्लीतल्या पोरांनी कधीच देऊन ठेवलंय: कच्चा लिंबू. धाकट्या भावंडाला खेळायचं असतं पण पळता येत नाही, तर तो कच्चा लिंबू. तो आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो. २०१९ च्या ऑक्टोबरात, पत्नी गेल्यानंतर पंधरा दिवसांनी, सर एका शनिवारी वर आले होते. आवाज खाली येतो हे सांगायला आले असावेत असं आम्हाला वाटलं. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘बघत बसलो तर चालेल?’ डॉक्टर मैत्रीण म्हणाली, ‘बघत नाही, सर. कच्चा लिंबू म्हणून बसा.’

म्हणून ज्यांनी इथवर वाचलं त्यांना एवढंच सांगणं आहे. कुणाला फोन करायचा ते तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता आलं असेल, चार नावं असतील. त्यांना ‘एकदा भेटू या’ म्हणू नका. वार सांगा, वेळ सांगा, खेळ कोणता ते सांगा. कुणी एक जण येणार नाही, तरी डाव मांडा. त्याची खुर्ची तिथेच असू द्या. आणि जिन्यात, शेजारी, ऑफिसात जो कुणी एकटा असेल त्याला आधी बोलवा. त्याला खेळ येत नसला तरी चालतं.